सुक्या मच्छीचं दुकान: झिंगे नंबर एक, पन्नी बेकार

पवनीकडच्या आठवडी बाजारातलं दुकान आहे, नाव नाही टाकत, मावशी ओळखीच्या आहेत. झिंगे पाव किलो 120 ले घेतले, एकदम कडक वाळलेले, रेती जवळपास नाहीच, नाहीतर मागच्या पावसाळ्यात दुसऱ्याकडून आणले होते ते दोन दिवसात बुरशीनं पांढरे झाले. मायनं वांग्यात टाकले, मी तीन भाकरी हाणल्या. बोंबील मात्र पिवळे पडले होते, ते नका घेऊ.

तक्रार एकच, पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पन्नी 31 डिसेंबर 2022 पासून बंद आहे, पण ते कागदावर, इथं मावशी तीच पातळ पन्नी फुंक मारून उघडतात. झिंग्यांच्या मिशांनी ती रस्त्यातच फाटली अन् घरी पाहतो तर पन्नीचे बारीक पापुद्रे झिंग्यांत मिसळलेले. बसलो निवडत.

आता मी झूलॉजीवाला, म्हणून डोक्यात किडा वळवळला. 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. असा तुकडा समुद्रातल्या जिवाच्या पोटात गेला तर? शिंपल्याचंच घ्या, त्याले आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात बाप्पा, त्याच्या रक्तातल्या हिमोसाइट पेशी जंतू दिसला की गिळतात अन् पचवतात. प्लास्टिकचा कणही गिळतात, पण पचवतील कसा? 2008 च्या एका प्रयोगात असे कण शिंपल्याच्या पोटातून रक्तात गेले अन् 48 दिवसांनंतरही तिथंच होते. 2012 मध्ये पॉलिथिनची भुकटी देऊन पाह्यली, म्हणजे पन्नी बनते तोच माल, तर 6 तासांतच सूज आल्याच्या खुणा दिसल्या अन् पेशीतल्या पचवणाऱ्या पिशव्यांचं आवरण कमजोर पडत गेलं. म्हणजे ज्या शिपायानं जंतू धरायचा तोच पन्नी चघळत बसला. प्रयोगात डोस समुद्रापेक्षा जास्त देतात बरेचदा, त्यामुळं लगेच घाबरून झिंगे सोडू नका, मी पण नाही सोडले.

मावशीले सांगितलं तर म्हणे, "बाबू, समुद्र कुठं अन् आपण कुठं." मी म्हटलं, आपली वैनगंगा पुढं प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते अन् मग सरळ बंगालचा उपसागर. गोसेखुर्दच्या धरणात अडकलं नाही तर तुमची पन्नी जाते तिथवर. बोंबील तर अरबी समुद्राचे, तिकडं मुंबईवाले पाहून घेतील. मावशी हसल्या फक्त.

गेल्या बाजारी घरून कापडी पिशवी नेली. तराजूतून सरळ पिशवीत ओतले, वरून मूठभर जास्तीचे पण टाकले, पन्नी वाचली म्हणून. 5 पैकी 4 स्टार. पिशवीचा वास मात्र तीनदा धुऊनही गेला नाही, माय म्हणते आता हिच्यात भाजी आणशील तर पाह्य.