लंडनमध्ये मुक्काम: पॅडिंग्टन, स्ट्रॅटफर्ड की वेम्बली?

मार्च उजाडला की पुण्या-नाशिकहून फोन सुरू होतात. "मेमध्ये येतोय, स्वस्तातलं हॉटेल सुचव." मी आधी उलटतपासणी घेतो. माणसं किती? मुलं किती वर्षांची? सोबत कोणाचे गुडघे दुखतात का? समोरच्याला वाटतं, हा टाळतोय. पण लंडनमध्ये खोलीचं भाडं म्हणजे निम्माच खर्च. उरलेला निम्मा ट्यूबचं, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेचं भाडं, सकाळचा नाश्ता आणि पायऱ्या यांत जातो. पौंड शंभरीच्या वर असताना हा निम्मा खर्च विसरून चालत नाही.

बहुतेकांच्या यादीत पहिलं नाव पॅडिंग्टनचं असतं. त्याच्या शेजारचं बेजवॉटर, खाली अर्ल्स कोर्ट, पलीकडे व्हिक्टोरिया, सगळा एकच प्रकार. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एकाला एक चिकटलेली पांढरी घरं, आत पाडलेल्या छोट्या खोल्या, आणि दारावर 'हॉटेल' किंवा 'बी अँड बी', म्हणजे खोली आणि नाश्ता. हाइड पार्क चालत जाण्याच्या अंतरावर. फोटोत सगळं छान दिसतं. मी पहिल्यांदा आई-बाबांना अशाच एका ठिकाणी उतरवलं होतं. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की तेवीस किलोची बॅग पुढे धरावी की मागे हेच कळेना. बाबा पहिल्या दिवशी दोनदा उतरले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही फिरून या, मी इथूनच लंडन बघतो." खिडकीतून समोरच्या घराची धुराडी दिसत होती.

म्हणजे पॅडिंग्टन वाईट, असं नाही. हीथ्रो विमानतळावरून एलिझाबेथ लाइन या नव्या रेल्वेने अर्ध्या तासात तुम्ही तिथे पोचता, आणि दोन तरुण माणसं पाठीवर एकेक सॅक घेऊन येणार असतील तर मजेत राहतील. पण खोली घेण्याआधी लिफ्ट आहे का आणि खोली तळघरात तर नाही ना, हे दोन प्रश्न लेखी विचारा. एसी बहुधा नसतो.

मध्यवस्तीत नवा पर्याय आहे तो छोट्या खोल्यांच्या साखळी हॉटेलांचा: हब बाय प्रीमियर इन, झेड हॉटेल, ईझीहॉटेल. स्वच्छ, बहुतेक ठिकाणी लिफ्ट असलेली, नेमकी. खोली मात्र आपल्या रेल्वेच्या कूपेची आठवण करून देणारी. झेड आणि ईझीहॉटेलच्या काही स्वस्त खोल्यांना खिडकीच नसते. तसं बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं, आपणच घाईत वाचत नाही. या खोल्या दोघांपुरत्या. मुलं असतील तर दोन खोल्या घ्याव्या लागतात आणि स्वस्ताई तिथेच संपते.

आता स्ट्रॅटफर्ड. 2012 च्या ऑलिंपिकसाठी पूर्व लंडनचा हा भाग नव्याने उभारला गेला. स्टेशनाला लागून भलामोठा मॉल आणि आसपास साखळी हॉटेलं आहेत. पाहुण्यांना हे नाव सांगितलं की "इतक्या लांब?" हा ठरलेला प्रश्न येतो. खरी गंमत झोनमध्ये आहे. लंडनचं ट्यूबभाडं झोनवर ठरतं (मधोमध झोन 1, बाहेर जाल तसा आकडा वाढतो) आणि स्ट्रॅटफर्ड स्टेशन झोन 2 आणि 3 च्या सीमेवर आहे. त्यामुळे मध्य लंडनला ये-जा करताना ते झोन 2 मध्येच धरलं जातं. झोन 1 आणि 2 मध्ये दिवसभर कितीही फिरा, एका माणसाचे त्या दिवशी नऊ पौंडांच्या आसपासच कापले जातात, म्हणजे पॅडिंग्टनला राहून फिरणाऱ्याइतकेच. एलिझाबेथ लाइनने लिव्हरपूल स्ट्रीट आठ-दहा मिनिटांवर, ज्युबिली लाइनने बिग बेन थेट. एलिझाबेथ लाइनच्या प्रत्येक स्टेशनात रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट आहे; जुन्या ट्यूबच्या स्टेशनांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्शाला अशी सोय आहे. माझ्या बाबांसारख्यांसाठी हा फरक भाड्यापेक्षा मोठा.

वेम्बलीची बाजू वेगळी. वेम्बली पार्कहून मेट्रोपॉलिटन लाइन मध्ये एकच थांबा घेऊन बारा-पंधरा मिनिटांत बेकर स्ट्रीटला सोडते. जवळच ईलिंग रोडवर गुजराती फरसाण आणि शाकाहारी थाळी, त्यामुळे सासूबाईंचा उपास असला तरी अडत नाही. 1932 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ लंडनही डॉलिस हिलला, वेम्बली पार्कपासून दोन स्टेशनांवर आहे. पण वेम्बली झोन 4 मध्ये येतं. तिथून मध्य लंडनला जायचं तर मोठ्या माणसामागे रोज चारएक पौंड जास्त. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांना ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डावर चौदा दिवस निम्म्या भाड्याची सवलत मिळते, फक्त ती स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून कार्डावर चढवून घ्यावी लागते. आई, बाबा आणि तेरा वर्षांचं एक मूल धरलं तर वेम्बलीला राहिल्याने दिवसाला दहाएक पौंड वाढतात. म्हणून वेम्बलीची खोली स्ट्रॅटफर्डपेक्षा निदान पंधरा-वीस पौंडांनी स्वस्त असेल तरच तिकडे वळा. आणि तारखा ठरवण्याआधी वेम्बली स्टेडियमचा कार्यक्रम बघा. नव्वद हजारांच्या त्या स्टेडियममध्ये सामना किंवा मोठ्या गायकाचा शो असला की त्या रात्रीचे दर बघवत नाहीत.

दोन्हीकडे प्रीमियर इनसारख्या हॉटेलात 'फॅमिली रूम' मिळते. दोन मोठे आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुलं एकाच खोलीत. वर एका मोठ्या माणसाने नाश्त्याचे पैसे भरले की दोन मुलांचा नाश्ता फुकट. चौघांचं कुटुंब असेल तर मी इथेच थांबतो आणि स्ट्रॅटफर्ड सांगतो.

हीथ्रोजवळची स्वस्त हॉटेलं पहाटेचं विमान असेल तरच घ्या. शहरात जायला पिकॅडिली लाइनने जवळजवळ तास जातो.

फक्त आई-बाबाच येणार असतील, मुलांच्या शाळेचं बंधन नसेल, तर जुलै ते सप्टेंबरमध्ये कॉलेजची वसतिगृहं पाहा. विद्यार्थी सुट्टीवर गेले की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची वसतिगृहं पाहुण्यांना उघडतात.  मे महिन्यात मात्र तिथे परीक्षांचा मोसम असतो आणि ती रिकामी होतात तेव्हा आपल्याकडच्या शाळा भरलेल्या असतात. शाळकरी मुलांच्या घरांना हा पर्याय जवळजवळ बंदच. त्याऐवजी मध्य लंडनच्या फिट्झरॉय स्क्वेअरमधलं इंडियन वायएमसीए हे वसतिगृह बारा महिने चालू असतं. वॉरन स्ट्रीट स्टेशन जवळ, खोल्या साध्या, कुठल्या खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आहे ते विचारून घ्यायचं, आणि खाली भारतीय जेवणाचं कॅन्टीन. जिथे नाटककार बर्नार्ड शॉ आणि नंतर कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ राहिली ते 29 नंबरचं घर त्याच चौकात आहे. बाबासाहेब 1921-22 मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घरही तिथून लांब नाही. महाराष्ट्र सरकारने ते 2015 मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे.

भाड्याचा फ्लॅट? आठ दिवस किंवा जास्त राहणार असाल, सहा माणसं असतील, तर विचार करा. पण दराखाली सफाईचे पैसे वेगळे लावलेले असतात, ते मिळवून मगच तुलना करा. स्वयंपाकघर मिळतं हे खरं. फोडणी मात्र जपून. इथल्या धुराच्या घंटीला मोहरी आणि आग यातला फरक कळत नाही. भारतातून येताना तूप, पेढे, खवा आणू नका, दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मेतकूट, भडंग चालतं.

एक युक्ती लंडनलाच लागू पडते. 'बँक' नावाचं स्टेशन, ऑल्डगेट, टॉवर हिल हा कचेऱ्यांचा भाग. सोमवार ते गुरुवार साहेब लोकांनी भरलेला, शुक्रवार संध्याकाळपासून ओस. शनिवार-रविवारी तिथल्या बऱ्या हॉटेलांचे दर उतरतात. तीन रात्री असतील तर त्या शुक्रवार ते सोमवार बसवून बघा.

पैसे भरताना दोन दर दिसतील. परत न मिळणारा स्वस्त असतो, रद्द करता येणारा थोडा महाग. ब्रिटनला युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा शेंगेनचा व्हिसा चालत नाही, वेगळा काढावा लागतो, आणि तो हातात येईपर्यंत दुसरा, महाग दरच घ्या. व्हिसा मंजूर झाला की त्याच दिवशी पुन्हा दर बघा. उतरला असेल तर नवीन बुकिंग करून जुनं रद्द करा.