नळाला जोडलेले बर्फयंत्र : पसंती आणि दोन अटी

ओट्याखाली बसणारे, थेट नळाच्या पाण्यावर चालणारे हे बर्फयंत्र मला मनापासून आवडले. मात्र त्याचे मोल जोडणीवर ठरते. थंड पाण्याच्या पाइपवर टी (तीन तोंडांचा जोड) आणि स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवून, पाव इंची नळी फिल्टरमधून यंत्रापर्यंत नेली, की पाण्याची बाजू पूर्ण होते. पाइपला भोक पाडून आवळायचा स्वस्त व्हॉल्व्ह टाळावा, तो पुढे गळू शकतो.

खरी कसोटी निचऱ्याची आहे. पारदर्शक बर्फ बनवणारे यंत्र वाहते पाणी थराथराने गोठवते, त्यामुळे बरेचसे क्षार न गोठलेल्या पाण्यात उरतात आणि ते पाणी बाहेर सोडावे लागते. शिवाय बर्फाचा कप्पा फ्रीझरइतका थंड नसल्याने वितळलेले पाणीही त्याच वाटेने जाते. सांडपाण्याचा पाइप यंत्राच्या तळापेक्षा उंच असेल, तर निचऱ्यासाठी पंप घ्यावाच लागतो, आणि त्याची घरघर रात्री ऐकू येते, हे विक्रेत्याने आधी सांगायला हवे होते.

बर्फ मात्र काचेसारखा नितळ आणि सावकाश विरघळणारा आहे. सुरुवातीचा बर्फ फेकून द्यावा आणि क्षारांचे थर नियमित काढावेत. जड पाण्याच्या घरात ही स्वच्छता अधिक वेळा करावी लागते.