सर्व्हेचे पैसे घ्यावेत का? बँकेचं पॅनेल, बाहेरचं पॅनेल, हॉटेलातली बैठक आणि मेसेज वाचणारं ॲप

औसा तालुक्यातल्या एक शिक्षिकाबाई दर जुलैत रिटर्न भरायला लातूरला माझ्याकडे येतात. यंदा फॉर्म १६ काढायच्या आधी त्यांनी फोन पुढे केला. दोन निमंत्रणं होती. पहिलं त्यांच्याच बँकेचं: निवडक ग्राहकांच्या गटात, म्हणजे पॅनेलवर या, अधूनमधून मत द्या, व्हाउचर मिळवा. दुसरं एका ॲपचं, ज्याचं नाव मीही कधी ऐकलं नव्हतं. तिथं उत्तरंसुद्धा द्यायची नव्हती. ॲप नुसतं फोनमध्ये राहू द्यायचं आणि महिन्याला पैसे घ्यायचे.

"सर, पैसे तर देऊलालेत. घ्यायचे का नाही?"

अशा चार प्रकारांपैकी तिघांत मी स्वतः हात घालून बघितलाय, चौथ्याच्या वाटेला गेलो नाही. बाईंना जे सांगितलं तेच इथं जरा ऐसपैस मांडतो. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंडवाले, कर्ज देणारे यांना गिऱ्हाइकाच्या मनातलं कळून घ्यायचं असतं आणि त्यासाठी ते पैसे मोजतात, यात वावगं काही नाही. बघायचं ते एवढंच की विचारणारा कोण आहे आणि आपलं उत्तर पुढं कुठं जाऊन बसतं.

'नाव तर विचारत नाहीत'

बाईंचा पहिला मुद्दा हाच. नाव लिहायचं नाही, मग भ्यायचं कशाला? मी रिटर्नच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं: वय ५२, जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, औसा तालुका, पिन कोड अमुक, घरी ट्रॅक्टर, गृहकर्ज चालू, मुलगा पुण्यात. कागद फिरवून त्यांच्यापुढं ठेवला. "ह्या कोण?" बाई हसल्या. पुण्यात अशा वर्णनाच्या पुष्कळ निघतील. आपल्याकडं मात्र एवढ्यावर शाळेतली पाचवीची पोरंसुद्धा नाव सांगतील.

हे सगळं सर्व्हेत खरंच विचारतात. भारतात घराची आर्थिक पायरी ठरवायला २०११ पासून एक पद्धत रूढ झाली. कमावत्या माणसाचं शिक्षण, आणि ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत ते मोजायचं: वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, गाडी, एसी आणि शेतजमीन. म्हणून तर कर्जाबद्दल विचारायला आलेला माणूस सुरुवात फ्रिजपासून करतो. प्रश्न निरुपद्रवी वाटतात, पण ते एकत्र आले की छोट्या गावात घर ओळखू येतं.

पैशाच्या व्यवहारांचं तर आणखी अवघड. 'सायन्स' या नियतकालिकात २०१५ साली एक अभ्यास छापून आला. ११ लाख लोकांचे तीन महिन्यांचे कार्डव्यवहार, नावं काढून टाकलेले. त्यातला एखादा माणूस हुडकून काढायला त्याच्या चार खरेद्यांचं ठिकाण आणि दिवस माहीत असणं ९० टक्के लोकांच्या बाबतीत पुरेसं ठरलं. चारच खरेद्या. आपल्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात एका दसऱ्याच्या सकाळी माणूस तेवढ्या करतो.

बँकेचं स्वतःचं, की बाहेरच्या कंपनीचं?

बऱ्याच जणांना वाटतं, बँकेचं पॅनेल बिनघोर, कारण बँकेला आपलं सगळं आधीच माहीत असतं. हे अर्धंच खरं आहे. तुमची शिल्लक, हप्ता, पगार तिला माहीत आहे. तुमच्या मनात काय चाललंय ते माहीत नाही. पॅनेलवर नेमकं तेच विचारतात: येत्या वर्षभरात प्लॉट घ्यायचा विचार आहे का, दुसऱ्या बँकेत किती ठेव आहे, सोनं तारण ठेवलंय का, मुलाच्या शिक्षणाला कर्ज लागेल का. बाहेरच्या कंपनीला दिलेलं उत्तर एका नंबराखाली जातं. बँकेला दिलेलं उत्तर खात्याशेजारी जाऊन बसायला वेळ लागत नाही. मी एकदा 'कार घेणार' असं लिहिलं होतं. दहा दिवसांत कार लोनचा फोन आला. योगायोगही असेल, पण त्यानंतर मी अशा प्रश्नांना 'ठरलेलं नाही' एवढंच लिहितो.

बाहेरच्या संशोधन कंपनीला तुमचं खातं माहीत नसतं, ही तिची जमेची बाजू. धंदा नीट करणाऱ्या कंपन्यांत एक जुनी शिस्तही आहे: संशोधनाच्या नावाखाली माल विकायचा नाही आणि कुणी काय उत्तर दिलं हे नावानिशी गिऱ्हाइक कंपनीला सांगायचं नाही. या पेशाच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत तसं लिहिलेलं आहे. उणी बाजू अशी की सर्व्हे कुणासाठी चाललाय ते बहुतेक वेळा सांगत नाहीत. सांगितलं तर उत्तर बदलतं, हे त्यांचं कारण पटण्यासारखं आहे, पण तुम्ही अंधारात राहता ते राहताच.

माझा खरा राग चाळणीच्या प्रश्नांवर आहे. बारा-पंधरा प्रश्न विचारतात: उत्पन्न, कर्जं, विमा, कार्डं. सगळं भरून झालं की पडद्यावर येतं, 'आपण या सर्वेक्षणात बसत नाही, धन्यवाद.' पैसे नाहीत, पॉइंट नाहीत, आणि भरलेलं मात्र त्यांच्याकडं राहिलं. वर्षभरात असं इतक्यांदा झालं की मी हिशोब ठेवणं सोडून दिलं. पॉइंट साठतात, पण ठरावीक आकड्याच्या खाली काढता येत नाहीत. एका पॅनेलनं तर पॉइंट काढायच्या वेळी पॅन मागितलं. व्हाउचरला पॅन कशाला? तिथंच सोडलं.

तक्रारीची सोय बघितली तर बँक बरी. बँकेची शाखा दारात आहे, तिच्यावर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. बाहेरच्या कंपनीचा पत्ता कधी गुरुग्रामचा असतो, कधी परदेशातला.

(टॅक्सवाला म्हणून जाता जाता: असे पैसे इतर उत्पन्नात दाखवायचे असतात. बाईंनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं.)

हॉटेलातली बैठक

सगळ्यांत जास्त पैसे मला इथं मिळाले. छत्रपती संभाजीनगरला स्टेशनजवळच्या एका हॉटेलात आठ जणांची चर्चा होती, विषय आरोग्य विम्याचा. दोन तास, चहा, कटलेट, समोर कॅमेरा. चर्चा घेणारी मुलगी हुशार होती. रेकॉर्डिंग चालू आहे हे तिनं आधी सांगितलं, कोण बघेल तेही सांगितलं.

घोटाळा निघताना झाला. पाकीट घेण्याआधी एका रजिस्टरवर सही करायची होती. माझी ओळ सातवी. वरच्या सहा ओळींत सहा जणांचं नाव, मोबाइल, बँक आणि पॉलिसीची रक्कम. नुकतेच दोन तास ज्यांनी 'वडिलांच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले' असं मोकळेपणानं सांगितलं होतं, त्यांचा नंबर आता माझ्या बोटाखाली. आठव्या माणसाला माझा दिसला असणारच. कंपनीनं कॅमेऱ्याची परवानगी इतकी व्यवस्थित घेतली आणि सगळी गळती पन्नास रुपयांच्या वहीतून झाली.

शिवाय आपल्याकडं आठ जण जमले की त्यात एखादा ओळखीचा निघतोच. जालन्याचे एक गृहस्थ माझ्या साडूच्या शेजारी राहणारे निघाले. मग माझं उत्पन्नाचं उत्तर आपोआप आवरतं झालं. तरी चौघांत हा प्रकार मला दुसऱ्या नंबरानं बरा वाटतो, कारण काय बोलायचं आणि काय गिळायचं हे त्या-त्या क्षणी तुमच्या हातात असतं. पुढं पाझरत राहणारं काही मागं उरत नाही, ते रेकॉर्डिंग सोडलं तर.

मेसेज वाचणारं ॲप

बाईंना हेच ॲप जास्त आवडलं होतं. वेळ जात नाही आणि पैसे येतात. मी म्हटलं, परवानगी देण्याआधी ॲपला काय दिसेल ते आपण दोघं बघू. त्यांचाच इनबॉक्स उघडला. पगार जमा. पतसंस्थेतल्या सोनेतारणाच्या व्याजाची आठवण. पुण्याच्या हॉस्टेलची फी. पॅथॉलॉजी लॅबचा मेसेज, तपासणीच्या नावासकट. सोयाबीनच्या पीकविम्याची पावती. तुळजापूरला दिलेली देणगी. मेडिकल, मेडिकल, पुन्हा मेडिकल. भिशीच्या मैत्रिणीनं पाठवलेले पाच हजार, तिच्या नावानिशी. बारा मेसेज वाचून होईपर्यंत बाईंनी फोन हळूच आपल्याकडं ओढून घेतला.

सर्व्हेत तुम्ही गोष्ट लपवू शकता, चूक सांगू शकता, 'सांगायचं नाही' म्हणू शकता. मेसेजला ते जमत नाही. आणि त्या भिशीवाल्या मैत्रिणीला कुणी विचारलंय?

कायदेशीर वाट याच्या शेजारी ठेवून बघा. खात्याची माहिती एका संस्थेकडून दुसरीकडं संमतीनं न्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये अकाउंट ॲग्रीगेटरची, म्हणजे मधल्या निरोप्या कंपनीची, चौकट आखली, सप्टेंबर २०२१ मध्ये ती प्रत्यक्षात सुरू झाली. माहिती कशासाठी, किती दिवसांसाठी हे संमतीत लिहिलेलं असतं, संमती मागे घेता येते, आणि मधल्या ॲग्रीगेटरला ती माहिती वाचताही येत नाही. मुख्य म्हणजे माहिती घेणारा रिझर्व्ह बँक, सेबी, विमा किंवा पेन्शन नियामकाच्या हाताखालचाच असावा लागतो. नुसती सर्व्हे कंपनी त्यात बसत नाही. म्हणून मग ती मेसेजच्या खिडकीतून येते, किंवा 'स्टेटमेंटची पीडीएफ टाका' म्हणते. कर्ज देणाऱ्या ॲपांना फोनमधले संपर्क आणि कॉलची यादी बघायला रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच मनाई केली. सर्व्हेचं ॲप कर्ज देत नाही, त्यामुळं तो लगाम त्याला लागत नाही.

कायदा किती उपयोगाचा

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतात. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर दंड २५० कोटींपर्यंत. आपल्या कामाच्या दोन गोष्टी त्यात आहेत. संमतीची सूचना मराठीत मागता येते, कारण आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत ती वाचायची सोय कायद्यानं ठेवलीय. आणि संमती देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं हवं. एक पळवाटही आहे. संशोधनासाठी किंवा आकडेवारीसाठी वापरलेल्या माहितीला ठरलेले निकष पाळले तर सूट मिळते. पण त्या माहितीवरून तुमच्याबद्दल निर्णय घेतला, म्हणजे कर्ज द्यायचं का नाही ते ठरवलं, तर ती सूट चालत नाही. म्हणून एक प्रश्न लेखी विचारून ठेवावा: माझी उत्तरं माझ्या खात्याला किंवा अर्जाला जोडली जाणार का?

खोट्या सर्व्ह्यांबद्दल थोडक्यात, कारण ते निवडायचा प्रश्नच नाही. टेलिग्रामवर आधी दीडशे रुपये देऊन मग 'पुढच्या टास्कसाठी पैसे भरा' म्हणणारे, ओटीपी विचारणारे, पैसे देण्यासाठी तुमचाच पिन टाकायला लावणारे. बँकेची खरी साइट आता 'डॉट बँक डॉट इन' अशी संपते. फसलात तर वेळ न घालवता १९३० ला फोन. आपल्या भागात आणखी एक जपायचं. मल्टीस्टेट पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेले लोक बीड, धाराशिवकडं अजून हेलपाटे मारतायत. 'ठेव अडकली आहे' ही एक ओळ कुठल्या यादीत गेली, तर पुढचा फोन कसला येईल हे सांगायला नको. तो रकाना मोकळा सोडा.

मी काय निवडलं असतं

पैसे किरकोळ लागत असतील आणि वेळ असेल, तर बाहेरच्या चांगल्या कंपनीचं पॅनेल: वेगळा ईमेल, जन्मतारखेऐवजी वयोगट, पॅन-आधार नाही, कंटाळा आला की खातं पुसून टाका असं लेखी कळवायचं. बँकेशी भांडण असेल, शाखेचं किंवा ॲपचं काही सुधारायला हवं असेल, तर बँकेचं पॅनेल, कारण तिथं बोललेलं बँकेपर्यंत पोचतं. पण लवकरच कर्ज घ्यायचं असेल तर तेवढे महिने थांबा. बैठक मिळाली तर जरूर जा, सही करताना वरच्या ओळी झाकायला सांगा. ॲपला मात्र माझी सरळ ना. कितीही पैसे दिले तरी.

बाईंनी ॲपचं निमंत्रण पुसलं, बँकेचं ठेवलं. दुसऱ्या बँकेतल्या ठेवींचा रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढं सरकेना, तेव्हा तिथं शून्य लिहिलं. मग पर्समधून फॉर्म १६ काढला आणि तो माझ्याकडं देता देता थांबल्या.

"सर, मागच्या साली मी तुम्हाला आधारची झेरॉक्स दिली होती. पूर्ण नंबराची. ती कुठंय?"

कपाट उघडून शोधायला अर्धा तास गेला. एक नाही, तीन सापडल्या. पहिली २०१९ ची.