जावा ३५३ : गाडी पुन्हा चालू झाल्यानंतरचे सात महिने, आणि कोणते पार्ट टिकले

गेल्या सात महिन्यांत माझी जुनी मोटरसायकल, जावा ३५३, बत्तीसशे किलोमीटर चालली. त्याआधी तीन वर्षं ती सुटी होऊन खोक्यांमध्ये होती, आणि त्यातली जवळजवळ निम्मी वर्षं शेवटचे पंधरा-वीस पार्ट मिळवण्यात गेली. फ्रेम, रंग, क्रोम ही कामं मोठी दिसतात, पण ती होऊन जातात. गाडी अडून बसते ती सील, रिंगा, गिअरचं एखादं चक्र नाहीतर एक्झॉस्टचा नट यांच्यापायी. त्या काळात मला मिळालेले बरेच सल्ले गाडी चालवायला लागल्यावर उलटे निघाले. ज्यांची गाडी आज खोक्यांत आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी गाडीबद्दल थोडं. ३५३ ही १९५४ साली आलेली २५० सीसीची टू-स्ट्रोक जावा. तिच्या आधीच्या ‘पेराक’ मॉडेलला मागच्या चाकाशी सरळ वर-खाली सरकणारा प्लंजर होता, हिला मागचं चाक धरून झुलणारा स्विंगआर्म मिळाला, म्हणून चेक लोक हिला ‘कीवाच्का’, म्हणजे झुलणारी, म्हणतात. सिलिंडर एक, पुंगळ्या दोन, आणि किक व गिअर एकाच दांडीवर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास, ७५ मिलिमीटर. पुढे याच घराण्यातल्या गाड्या आयडियल जावाच्या म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून बनू लागल्या, १९७३ पासून येझदी नावाने निघाल्या आणि १९९६ पर्यंत बनत राहिल्या. पार्ट शोधणाऱ्यासाठी हा इतिहास फार कामाचा आहे. ‘जावाचा आहे’ असं सांगून हातात येणारा पार्ट दोन देशांत, चाळीस वर्षांत बनलेल्या कुठल्याही मॉडेलचा असू शकतो.

पिस्टनने मला हे सगळ्यात आधी शिकवलं. ६५चा बोअर त्या घराण्यातल्या अनेक गाड्यांना आहे, म्हणून पहिला पिस्टन मी फक्त बोअर बघून घेतला. डबीतून काढला, जुन्याच्या शेजारी ठेवला, आणि दोघांत एकच गजनपिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) घालून उजेडाकडे धरलं. नव्याचा माथा दीड मिलिमीटर वर होता. तो बसवला असता तर पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रं, उघडण्या-मिटण्याची वेळच बदलली असती, आणि कॉम्प्रेशन वाढलं असतं ते वेगळंच. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन हाच व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, स्कर्टची लांबी, स्कर्टमधल्या खिडक्या आणि रिंगांच्या खाचांतल्या बारीक खुंट्यांची जागा हे सगळं जुळलं पाहिजे. खुंटीची जागा चुकली तर रिंगेचं तोंड पोर्टवर येतं, तिथे अडकतं आणि सिलिंडर जातो. दुसरा पिस्टन मी या सगळ्या गोष्टी विचारून, मोजून घेतला.

इथे एक चूक होता होता राहिली. सिलिंडर घासलेला होता, म्हणून मी तो आधीच ६५.५०चा करून घ्यायला निघालो होतो. लेथवाल्या काकांनी सिलिंडर हातात घेतला आणि विचारलं, “पिस्टन कुठाय?” मी म्हटलं, मागवलाय, येईल. त्यांनी सिलिंडर परत दिला. “तो आला की या. मी पिस्टनच्या मापाने बोअर करतो, डबीवरच्या आकड्याने नाही.” पिस्टन आला तो डबीवर ६५.५० आणि मायक्रोमीटरमध्ये त्याहून किंचित कमी, स्कर्टच्या खालच्या बाजूला पिनला काटकोनात मोजल्यावर. काकांनी त्याच्यापुरता बोअर केला, रिंगेचं तोंड पाव मिलिमीटरवर आणून दिलं. बत्तीसशे किलोमीटरनंतर हेड काढून बघितलं तर भिंतींवर होनिंगच्या, म्हणजे बोअर केल्यावरच्या शेवटच्या घासकामाच्या, तिरक्या रेघा अजून दिसतात, एकही ओरखडा नाही. पहिले हजार किलोमीटर पेट्रोलमध्ये तेल १:२० घातलं आणि आता १:२५ घालतो. या पिस्टनला माझे पूर्ण गुण.

आता सील. माझी सगळ्यात मोठी फसगत इथेच झाली आणि ती पूर्णपणे माझ्या हट्टामुळे. मला क्रँकच्या दोन्ही बाजूंना तेल-हवा अडवणारे रबरी सील जुन्या साठ्यातले, कधीच न वापरलेले मिळाले होते, तेलकट कागदात गुंडाळलेले, कागदावर कारखान्याचा शिक्का. ते हातात घेतल्यावर इतका आनंद झाला की दुसरा विचारच केला नाही. पण रबराला वापर नसला तरी वय असतं. सहाशे किलोमीटरच्या आतच गाडी धूर टाकू लागली, आणि तो गरम झाल्यावरही थांबेना. गिअरबॉक्सचं तेल बघितलं तर पातळी खाली गेलेली, खाली जमिनीवर मात्र थेंब नाही. या इंजिनात क्लच आणि गिअरबॉक्सचं तेल एकच, डाव्या बाजूला. डावा सील गेला की क्रँककेस ते तेल आत ओढते आणि जाळते. उजवा गेला असता तर तेलाऐवजी हवा आत गेली असती, मिश्रण पातळ झालं असतं आणि धूर न दिसता पिस्टन तापला असता. त्या मानाने मी वाचलो.

क्लच, प्रायमरी चेन सगळं पुन्हा उतरवलं. काढलेल्या सीलची कड नखाने वाकवली तर ती वाकलेलीच राहिली. नवीन सील मी जावाचा म्हणून शोधलाच नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी मोजली आणि त्या मापाचा आजच्या बनावटीचा, व्हिटॉन या कृत्रिम रबराचा सील घेतला. व्हिटॉन उष्णता सोसतं आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे साध्या रबरापेक्षा जास्त टिकतं. त्यानंतर सव्वीसशे किलोमीटर झाले, तेलाची पातळी जागेवर आहे.

बेअरिंगांचंही तसंच, पण तिथे मी आधीपासून शहाणा होतो. बेअरिंगवर नंबर असतो आणि नंबर म्हणजे माप. ६२०४ म्हटलं की आत २०, बाहेर ४७, रुंदी १४ मिलिमीटर, मग ते कुणीही बनवलेलं असो. चांगल्या कंपनीचं नवं घ्यायचं, क्रँकसाठी सी-३ क्लिअरन्सचं (आत थोडी जास्त मोकळीक असलेलं), आणि विषय संपला.

गिअरचं मात्र नेमकं उलटं. माझा तिसरा गिअर सुटायचा, कारण चक्राच्या बाजूचे दाते, म्हणजे शेजारच्या चक्रात अडकतात ते डॉग, कोपऱ्यांवर गोल झाले होते. नव्याने बनवलेलं चक्र मिळालं, दिसायला आरशासारखं. बसवण्याआधी मिस्त्रींनी एका कोपऱ्यावर कानस फिरवली. कानस रुतली आणि चकचकीत कीस खाली पडला. मग त्यांनी माझ्या जुन्या झिजलेल्या चक्रावर तीच कानस लावली, तर ती काचेवरून जावी तशी घसरली. नव्या चक्राचा पृष्ठभाग कठीण केलेलाच नव्हता. विकणाऱ्याने ते परत घेतलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. शेवटी एका मोडलेल्या इंजिनातलं जुनं चक्र घेतलं, ज्याचे डॉग एका बाजूने शाबूत होते, आणि सिलेक्टर फोर्कही (चक्र सरकवणारा काटा) त्याच्याच सोबतचा घेतला. सात महिन्यांत तिसरा गिअर एकदाही सुटला नाही. तेव्हा दाते, शाफ्ट, फोर्क यांसाठी मी आता आधी जुनाच चांगला पार्ट शोधतो. सर्कलिप्स, म्हणजे चक्रं शाफ्टवर जागेवर धरणाऱ्या कड्या, मात्र नेहमी नव्या.

एक्झॉस्टचे नट हा वेगळाच त्रास. ३५३ला पुंगळीचा पाइप मोठ्या गोल नटाने थेट सिलिंडरच्या आट्यांत आवळतात. नवे बनवलेले दोन नट आले, एक हाताने शेवटपर्यंत गेला, दुसरा दोन फेऱ्यांत अडकला. जोर लावायचा मोह होतो. तो टाळा, कारण नट पुन्हा मिळेल, सिलिंडरचे आटे परत मिळत नाहीत. दुसरा नट लेथवर घेऊन त्याचे आटे हलके साफ करून घेतले आणि दोन्हीकडे नवी तांब्याची रिंग टाकली. पहिल्या काही दिवसांत तीनदा नट सैल पडले. आता सवयच आहे: इंजिन एकदा चांगलं तापलं, निवलं की हुक पाना लावून बघायचा. सैल नटाने चालवलेली गाडी स्वतःच स्वतःचे आटे खाते.

कार्ब्युरेटर जिकोवचा, मूळचाच. शरीर ठीक होतं, पण गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी खाली पेट्रोलचा वास. सुई बदलली, सीट बदलली, वास तसाच. मग पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल डुचमळत होतं. भोक दिसेना. उकळून थोडं निवलेल्या पाण्यात तो चिमट्याने बुडवला, तेव्हा सांध्याजवळून अगदी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक निघाले. आतलं पेट्रोल मोकळ्या हवेत पूर्ण उडू दिलं (गॅसपासून लांब, हे मुद्दाम सांगतो), मग तिथे कथिलाच्या डागाचा एक थेंब. थेंब मोठा झाला तर फ्लोट जड होतो आणि पातळी बदलते, म्हणून आधी-नंतर वजन केलं. तोच फ्लोट आजही आत आहे. नवा बनवलेलाही माझ्याकडे आहे, पण तो जड निघाला आणि डबीतच राहिला.

विजेच्या बाजूला जुन्या साठ्याचे पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्कबिंदू, उत्तम निघाले, ०.४ मिलिमीटरवर लावले ते अजून हललेले नाहीत. पॉइंटना जोडलेल्या कंडेन्सरच्या बाबतीत मात्र जुना साठा नको म्हणजे नको. वीस मिनिटं गाडी सुरेख चालायची आणि तापली की मिसिंग सुरू. उजवं कव्हर काढून संध्याकाळच्या अंधारात बघितलं, तर पॉइंटमध्ये निळी ठिणगी जोरात उडत होती. आतल्या कागदाचं इन्सुलेशन वयाने गेलेलं असतं. आजचा नवा कंडेन्सर लावला, त्या दिवसापासून तक्रार नाही. सहा व्होल्टची हेडलाइट मंद वाटत असेल तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग बघा. माझ्याकडे नव्या रंगाच्या थरावरच अर्थिंगची वायर आवळलेली होती. तिथला रंग खरवडल्यावर उजेडात लगेच फरक पडला.

बाकीचं थोडक्यात. नव्या रिम्सचं क्रोम एका पावसाळ्यात आऱ्यांच्या भोकांशी तांबूस पडायला लागलं, आतून मेण फासलं असतं तर वाचलं असतं. केबल्स चांगल्या. टाकीच्या बाजूचे नवे गुडघ्याचे रबर चार महिन्यांत उन्हाने तडकले, म्हणून जुने कडक झालेले पण अखंड रबर साबणाच्या पाण्याने धुऊन परत लावलेत. गाडी त्यांच्यासकटच जास्त खरी दिसते, असं मला मनापासून वाटतं.

शोधण्याबद्दल दोन गोष्टी. पहिली, चित्रांचं पार्ट कॅटलॉग मिळवा आणि पार्टच्या नावाऐवजी नंबराने विचारा. चेक विक्रेत्यांकडे शोधताना त्यांचे शब्द कामी येतात: पिस्टन म्हणजे ‘पीस्त’, सिलिंडर ‘वालेत्स’, बेअरिंग ‘लोझिस्को’, गॅस्केट ‘त्येस्न्येनी’ आणि ऑइल सील ‘गुफेरो’. हे शब्द कळल्यावर महिनोन्‌महिने न सापडलेल्या तीन गोष्टी मला एका आठवड्यात दिसल्या. दुसरी, पैसे देण्याआधी पार्टवर व्हर्निअर कॅलिपर लावलेला फोटो मागा, आकडा वाचता येईल असा. ज्यांनी तो पाठवला त्यांच्याकडून आलेला एकही पार्ट मला परत करावा लागला नाही.

एक गोष्ट अजून राहिली आहे. मागच्या चेनकव्हरला जोडणाऱ्या रबरी नळ्यांपैकी वरची नळी. तीन प्रकारच्या आणल्या, तिन्ही पुढच्या तोंडाशी ढिल्या बसतात आणि धूळ चेनवर जाते. सध्या तिथे क्लिप आवळून वेळ मारून नेतोय. कुणाकडे मूळची असेल तर तिच्या पुढच्या तोंडाचा आतला व्यास मोजून सांगा. फोटो नसला तरी चालेल, माप हवंय.