ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं गॅरेज: जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचं सकाळचं मिसिंग अखेर सापडलं

माझ्याकडे २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, २० व्हॉल्व्हचं इंजिन, १५० बीएचपी, आणि १५ वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलेली गाडी आहे, म्हणजे विकायची नाहीये हे आधीच सांगते कारण गेल्या वर्षभरात जो भेटला त्याने पहिला सल्ला तोच दिला.

त्रास म्हणजे मिसिंग, इंजिन मधेमधे ठोका चुकतं: रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं आरपीएम ६०० ते ११०० मधे वरखाली, अख्खी गाडी थरथरणार, सायलेन्सरमधून फडफड, आणि कासारवडवली सोडून घोडबंदर रोडला लागेस्तोवर एकदम मऊ, काही झालंच नव्हतं अशी. आईला कोपिनेश्वर मंदिरात घेऊन जायचं होतं त्या दिवशी ती म्हणाली अगं हिला हुडहुडी भरलीय का. खरंच तसंच वाटायचं.

आधी एका दुसऱ्या गॅरेजला दाखवली, नाव घेत नाही. दुपारी नेली, म्हणजे गाडी गरमच होती. त्यांनी स्कॅनर लावला, आलेले बिघाडाचे कोड लिहून न घेता मिटवले, ठिणगीसाठीच्या चारही कॉइल (दर सिलिंडरला एक) नवीन, चारही प्लग नवीन, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ, बिल २२ हजार. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परत गेले तर म्हणे मॅडम, ठाण्यात कसली आलीय थंडी, जुनी गाडी आहे, अशीच चालणार.

ह्या वाक्याचा मला फार राग आला कारण कोल्ड स्टार्टचा, म्हणजे गार इंजिन सुरू करण्याचा, थंडीशी संबंधच नाही. इंजिन चालतं साधारण ९० डिग्रीला, त्यामुळे सकाळी २७ डिग्रीला उभी असलेली गाडी मे महिन्यात पण इंजिनाच्या हिशोबाने गारच. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो, आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन सेन्सर स्वतः तापेपर्यंत काम करत नाही, म्हणजे सुरुवातीला ईसीयू फक्त कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) टेम्परेचर आणि आत आलेली हवा मोजून अंदाजाने चालवत असतो. तो अंदाज कुठे चुकला की तेव्हाच दिसतं, नंतर ऑक्सिजन सेन्सर जागा होऊन चूक झाकून टाकतो.

ऑफिसमधल्या एकाने वागळे इस्टेटचं हे गॅरेज सांगितलं. संध्याकाळी गेले, तिथल्या मेकॅनिक दादांनी बोनेट पण उघडलं नाही. म्हणाले, "ताई, आत्ता मी काय बघणार, गाडी गरम आहे. ठेवून जा, सकाळी पहिला सेल्फ मीच मारणार, तोवर कोणी हात लावणार नाही. तुम्ही पण या, बघा." तिथेच माझं मन बसलं.

सकाळी साडेआठला गेले. आधी फक्त चावी ऑन केली, इंजिन चालू न करता स्कॅनरवर दोन आकडे दाखवले, कूलंट २६ आणि आत येणारी हवा २७. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही जवळपास सारखेच पाहिजेत, एक ४० किंवा उणे काहीतरी दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय आणि पेट्रोलचा सगळा हिशोब बिघडतो. आमचा कूलंटचा सेन्सर बरोबर होता, नाहीतर ह्या इंजिनात सगळे आधी त्याच्यावरच संशय घेतात. मग सेल्फ मारला, थरथर सुरू, मिसफायरचा काउंटर उघडला तर चारही सिलिंडरवर थोडं थोडं मिसिंग. कॉइल गेली असती तर आकडा एकाच सिलिंडरवर चढला असता. म्हणजे माझ्या चार नव्या कॉइलची गरजच नव्हती!! पहिल्याच सकाळी पाच मिनिटांत कळलं.

नंतर ऑक्सिजन सेन्सर चालू झाला तसा फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमधे केलेली दुरुस्ती) चढत गेला, आयडलला, म्हणजे रेस न देता, १४ टक्के जास्त पेट्रोल, आणि २५०० आरपीएमला रेस धरली की फक्त ३. दादांनी समजावलं ते मला अजून पाठ आहे, की चोरून आत येणारी हवा थोडीशीच असते, आयडलला इंजिन मुळात हवा कमी घेतं म्हणून ती चोरी मोठी वाटते, रेस दिली की एकूण हवेत ती कुठल्या कुठे. पेट्रोल पंप किंवा फिल्टरचा दोष असता तर उलट झालं असतं, रेसला गाडी उपाशी राहिली असती. म्हणजे व्हॅक्यूम लीक, कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय.

स्मोक टेस्ट केली, म्हणजे इनटेकमधे धूर सोडून गळती शोधली, तर धूर जेमतेम एक रेघ, कुठून येतोय कळेना. मी म्हटलं असेल तिथे सीलंट लावा, तर म्हणाले नाही, अजून एक रात्र ठेवा, रबर गार असताना भेग उघडते. मला आधी वाटलं उगाच लांबवतायत. पण दुसऱ्या सकाळी गार इंजिनवर धूर सोडला आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खालून भसाभस बाहेर. क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागाची) वाफ परत आत नेणारा ब्रीदर पाइप, वरून धड दिसत पण नाही तिथे, ऑइलने मऊ झालेला आणि खालच्या बाजूने फाटलेला. त्याच लाइनीतला वन-वे व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून दाखवला, दोन्हीकडून हवा जात होती. टर्बोने प्रेशर बनवलं की हा बंद व्हायला पाहिजे, नाहीतर बूस्ट, म्हणजे ते प्रेशर, उलटा क्रँककेसमधे घुसून ऑइल सील ढिले करतो, म्हणजे नुसता पाइप बदलून भागलं नसतं. ई२० पेट्रोलचं (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पण विचारलं, तर म्हणाले इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते त्यामुळे गार इंजिनला थोडं जड जातं, पण एवढी थरथर त्याची नाही.

पाइप, व्हॉल्व्ह, क्लॅम्प मिळून ४,६०० आणि तपासणी धरून लेबर ३,०००. आधीच्यांनी थ्रॉटल बॉडी साफ करून स्कॅनरने अ‍ॅडॅप्टेशन (साफ झालेली झडप ईसीयूला नव्याने शिकवणं) केलंच नव्हतं, ते ह्यांनी करून दिलं, वेगळे पैसे नाहीत. जुने पार्ट पिशवीत घालून हातात दिले.

तक्रारी आहेत. पार्ट यायला नऊ दिवस लागले आणि मधे दोनदा फोन उचलला नाही, मलाच जाऊन विचारावं लागलं. बसायला जागा नाही, पावसात तर रस्त्यावरच उभं राहायचं. गाडी बाहेर लावतात, रात्री मात्र शटरच्या आत घेतात, ते मी विचारून खात्री केली. एका दिवसात गाडी हवी असेल तर इथे जमणार नाही.

आता दोन महिने झाले, सकाळी आरपीएम जरा वर जाऊन हळूहळू ८०० च्या आसपास बसतो, काटा हलत नाही. एसी लावल्यावर स्टिअरिंगमधे किंचित थरथर उरलीय, ते उजवीकडचं इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारा रबराचा आधार) आहे असं त्यांनीच दाखवलं आणि लगेच बदला म्हणून मागे लागले नाहीत. ते पुढच्या सर्व्हिसला करणार आहे, ह्यांच्याकडेच. रविवारी बंद असतात, गाडी आदल्या संध्याकाळी सातच्या आत द्या.