वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरील आकाशदर्शन: एक अभिप्राय

डिसेंबर २०२५ मध्ये अमावास्येच्या जवळच्या शनिवारी वेळणेश्वर येथील एका घरगुती निवासाने ठेवलेल्या आकाशदर्शनाला मी कुटुंबासह गेलो होतो. माणशी ६०० रुपयांत जेवण, ८ इंची दुर्बीण आणि सुमारे ३ तासांचे विवेचन मिळते. जेवण साधे आणि रुचकर होते. हा अभिप्राय मात्र विवेचनासाठी लिहीत आहे, कारण ग्रहगणित कोठपर्यंत खरे ठरते आणि कोठे थांबते, हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारा कार्यक्रम मी कोकणात तरी पाहिलेला नाही.

मार्गदर्शकांनी सुरुवात समोरच्या पाण्यापासून केली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अमावास्येला पंधरावी तिथी धरली तर सव्वाअकरा. हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालतो, कारण चंद्राची गती या मुदतीत भरवशाची आहे. मग त्यांनी दुर्बीण शनीकडे वळवली. त्याची कडी जवळजवळ आडवी, धारेकडून समोर आल्यामुळे रेघेएवढीच दिसत होती, पण त्याचा मोठा उपग्रह टायटन स्पष्ट होता. त्याच्या पलीकडून फिरणारा हायपेरियन हा वेडावाकडा उपग्रह आमच्या दुर्बिणीत दिसणे शक्य नव्हते, तरी खरी गोष्ट त्याचीच होती. तो कक्षेत केव्हा कोठे असेल हे नेमके सांगता येते; परंतु शनीच्या आणि टायटनच्या ओढीमुळे तो स्वतःभोवती ठराविक गतीने न फिरता कोलांट्या खात राहतो, आणि वर्षभराने त्याची कोणती बाजू समोर असेल हे कोणालाही सांगता येत नाही. विस्डम, पील आणि मिन्यार या शास्त्रज्ञांनी हे १९८४ मध्ये गणिताने दाखवले होते. एकाच पिंडाची एक गती हिशेबात बसते आणि दुसरी बसत नाही, ही जोडी मला फार मोलाची वाटली.

श्रोत्यांपैकी एका आजींनी विचारले, "अहो, मग पंचांगातलं ग्रहण मिनिटाला कसं बरोबर येतं?" उत्तर देताना मार्गदर्शकांनी घाई केली नाही. पृथ्वीच्या आजच्या स्थानात १५ मीटरची चूक राहिली, तर सुमारे १ कोटी वर्षांनी ती दहापट, म्हणजे १५० मीटर होते. असे दहा वेळा घडले की १० कोटी वर्षांनी ती १५ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराएवढी होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कार यांनी १९८९ मध्ये केलेल्या गणिताचा हा अर्थ. "शंभर-दोनशे वर्षांत, आजी, ती चूक वाढायला सवडच मिळत नाही," असे ते म्हणाले, आणि आजींनी समाधानाने मान हलवली. नियम चुकत नाही, आपले मोजमाप अपुरे पडते, हा भेद इतक्या सोप्या रीतीने मला पूर्वी कोणी समजावला नव्हता.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. पहिली, बुधाविषयीचे निवेदन. ५ अब्ज वर्षांच्या काळासाठी केलेल्या सुमारे अडीच हजार संगणकीय चाचण्यांपैकी जवळपास १ टक्क्यात बुधाची कक्षा फार लांबट झाली, इतकी की टक्कर होऊ शकेल, हा २००९ चा निष्कर्ष त्यांनी सांगितला. पण उरलेल्या ९९ टक्क्यांत ती तशी झाली नाही, हे ओझरतेच आले, आणि माझ्या शेजारचा लहान मुलगा टकरीच्या कल्पनेने घाबरला. अशा ठिकाणी काळाचा आकडा आधी आणि टक्कर नंतर सांगावी.

दुसरी, दुहेरी लंबकाचा, म्हणजे एका लंबकाच्या टोकाला दुसरा जोडलेल्या लंबकाचा प्रयोग. लाकडी दांड्यांचा हा लंबक त्यांनी खडूने केलेल्या एकाच खुणेवरून दोनदा सोडला. पहिले काही झोके सारखे पडले, मग दोन्ही वेळी तो वेगळ्याच दिशांना उलटला. तीन मिनिटांत उरकलेला हा प्रयोग खरे तर अर्धा तास चालायला हवा, आणि खुणेवर हात लहान मुलांचा असावा. मोबाइलवर दोन्ही वेळचे चित्रीकरण करून ते शेजारी-शेजारी दाखवले, तर फरक नेमका कोणत्या झोक्यापासून दिसू लागला हे मुलांना स्वतः मोजता येईल.

जाणाऱ्यांनी अमावास्येच्या जवळचीच तारीख घ्यावी, अंगावर घेण्यास शाल न्यावी आणि दुर्बिणीपुढची रांग लांब असल्याने लवकर पोहोचावे. शेजारच्या एका जागेतला हॅलोजन दहापर्यंत चालू होता. तो विझल्यानंतरचा एक तास सर्वांत चांगला गेला.