फिर्याद की उत्तर? दुखावलेल्या माणसासाठी दोन वाटांची तुलना

रंगीत झेरॉक्स काढून आणलेला स्क्रीनशॉट. वर ग्रुपचं नाव, मध्ये चार ओळी, आणि त्या ओळींखाली लाल पेनने दोनदा ओढलेली रेघ. तालुका कोर्टात वकिली करताना असा कागद अधूनमधून टेबलावर येतोच. कधी देवाबद्दल, कधी महापुरुषाबद्दल, कधी जातीबद्दल. परवा आलेले गृहस्थ वारकरी होते. कुणीतरी संतांबद्दल वाह्यात लिहिलं होतं. "माउली, याला कोणतं कलम लागतं तेवढं सांगा."

कलम नंतर. आधी मी विचारतो, तुम्हाला नक्की काय हवंय? पोस्ट जायला हवी, माफी हवी, की माणूस आत जायला हवा? कारण पोलीस ठाण्याची वाट आणि उत्तर द्यायची वाट वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात.

राज्यघटनेच्या 19(2) मध्ये बोलण्यावर बंधनं घालायची आठ कारणं दिली आहेत : सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. 'भावना दुखावणे' हे त्यात नाही. म्हणून भावनांचं कलम कोर्टात टिकवायचं तर त्याला सुव्यवस्थेच्या खुंटीला टांगावं लागतं. 1957 साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं तेच केलं. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं जुन्या दंड संहितेतलं 295अ हे कलम वैध ठरवलं, पण अजाणता किंवा बेफिकिरीने झालेला अपमान त्यात बसत नाही, असंही सांगितलं. हेतू जाणूनबुजून आणि दुष्ट हवा.

ते कलम 1927 मध्ये इंग्रजांनी आणलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत त्याचा नंबर 299 झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), अजामीनपात्र. म्हणजे फिर्याद द्यायला येणाऱ्याला हवं ते सगळं दिसतं. पण कलम धर्माचं आहे. महापुरुषाबद्दल कुणी बरळलं तर तेवढ्याने 299 लागत नाही. मग ठाण्यात 196 लावा म्हणतात, जुनं 153अ. तिथे दोन समाजांत तेढ लावणं दाखवावं लागतं, आणि दोन समाज म्हणजे दोन. एकाच समाजाला राग आला तर ते कलम उभं राहत नाही. मंझर सईद खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2007 च्या निकालात हे स्पष्ट आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून पुण्यात नोंदवलेला गुन्हा तेव्हा रद्द झाला. पुस्तकावरची बंदीही 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्याच्या कितीतरी आधी, जानेवारी 2004 मध्ये, या पुस्तकाच्या रागातून पुण्यातल्या भांडारकर संस्थेची मोडतोड मात्र होऊन गेली होती.

फिर्यादीच्या वाटेवर वेळ कसा जातो ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रकरणावरून कळतं. ऑगस्ट 2022 मध्ये एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने स्टेटस ठेवलं : 5 ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. हातकणंगले ठाण्यात 153अ खाली गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2024 रोजी रद्द केला. कसोटी वापरली ती नागपूरची, स्वातंत्र्याच्या तोंडावर तिथल्या उच्च न्यायालयाने घालून दिलेली : शब्दांचा परिणाम कणखर, समंजस माणसाच्या नजरेने मोजायचा, ज्याला जिथेतिथे धोका दिसतो त्याच्या नजरेने नाही. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं. त्याच्यावरचा खटला दीड वर्षाहून जास्त टिकला, आणि ते शब्द आज निकालपत्रात कायमचे छापलेले आहेत. पोस्ट जायला हवी म्हणणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता फिर्यादीला जे कुणी आधी सांगत नाही ते. स्क्रीनशॉटचा कागद म्हणजे पुरावा नव्हे. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, आणि ज्या फोनवर मजकूर आला तो फोन मागितला जाऊ शकतो, म्हणजे तुमचा. 2025 मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की बोलण्या-लिहिण्याच्या अशा तक्रारीत पोलिसांनी उपअधीक्षकांची परवानगी घेऊन आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य. त्यामुळे "आत्ताच्या आत्ता दाखल करा" म्हणून ठाण्यासमोर ठिय्या मांडण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. दाखल झालाच, तरी 299 आणि 196 मध्ये शासनाची मंजुरी आल्याशिवाय कोर्ट दखल घेऊ शकत नाही. ती फाईल कुठे आणि किती दिवस पडून राहील, हे मी फी घेऊनही सांगू शकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : हे गुन्हे तडजोडपात्र नाहीत. समोरच्याने पाय धरले, गावाने मिटवलं, तुमचा राग शमला, तरी तुम्ही फिर्याद मागे घेऊ शकत नाही. मग दोघं मिळून गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात. एका अशिलाच्या मेव्हण्याचंच लग्न समोरच्याच्या घरात ठरलं. मांडवात गळाभेट झाली आणि पुढच्या सोमवारी तारखेला दोघं दोन बाकांवर.

उत्तर देण्याच्या वाटेवर हे काहीच नाही. खर्च नाही, मंजुरी नाही, आणि लिहिलेलं मागे घेता येतं. उणीव एवढीच की समाधान लगेच मिळत नाही, आणि समोरचा गप्प बसेलच असं नाही. लोक विचारतात, मग तो मोकाट? हो, बऱ्याचदा मोकाट. त्या वारकरी गृहस्थांचा भाचा न्यू जर्सीत असतो. तो म्हणे मामांना सांगत होता, की तिकडे अशा लिखाणावर गुन्हाच होत नाही. बरोबर आहे त्याचं. अमेरिकेत 1969 च्या ब्रँडेनबर्ग निकालापासून तात्काळ बेकायदा कृत्याला चिथावणी, आणि ती खरोखर घडण्याची शक्यता, असं असेल तरच चिथावणीखोर भाषणावर हात टाकता येतो. आपल्याकडे ती रेघ बरीच अलीकडे आहे. तरी 2015 च्या श्रेया सिंघल निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द करताना आपल्याही न्यायालयाने चर्चा, प्रचार आणि चिथावणी यांत फरक केला. त्या याचिकेला कारण ठरली ती पालघरची 2012 ची अटक, मुंबई बंदवर साधं मत लिहिणाऱ्या आणि ते लाईक करणाऱ्या दोन तरुणींची.

मधली वाट म्हणजे अब्रुनुकसानी, न्याय संहितेचं कलम 356. ती अदखलपात्र आहे. ठाण्यात फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करतील. स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी तक्रार करावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत समोरच्याचं ऐकल्याशिवाय दखलही घेतली जात नाही. फायदा असा की ती मिटवता येते, माफीनामा लिहून घेऊन मोकळं होता येतं. दिवाणी दावा करायचा तर एका वर्षाच्या आत, आणि भरपाई जितकी मागाल त्या प्रमाणात कोर्ट फी. तुमच्या स्वतःबद्दल खोटं लिहिलं असेल, पैसे खाल्ले वगैरे, तर मी ही वाट सुचवतो. संतांसाठी ती बंद आहे. मृत व्यक्तीची बदनामी होते, पण मजकूर कुटुंबीयांना किंवा जवळच्या नातेवाइकांना दुखावण्यासाठी असावा लागतो. हे सांगितल्यावर गृहस्थ म्हणाले, "मग आम्ही कोण? आम्हीच नातेवाईक." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याकडेही नाही.

इथवर वाचून मी कायम उत्तराच्याच बाजूचा वाटत असेन. तसं नाही. धमकी असेल, कुणाला मारा, जाळा, गावात येऊ देऊ नका असं असेल, बाईबद्दल घाण लिहिलेलं असेल, तर त्याच दिवशी ठाण्यात जा. जातिवाचक अपमान हा तर वेगळाच मामला. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत हिणवलं तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 3(1)(आर) आहे. त्या समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर केला तर 3(1)(व्ही) आहे. बाबासाहेबांबद्दल कुणी गरळ ओकली तर हे दुसरं कलम आठवावं. तिथे प्राथमिक चौकशीची अट नाही, तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. हा कायदा दुखऱ्या मनापेक्षा माणसाला त्याची पायरी दाखवण्याची खोड मोडण्यासाठी आहे. विहिरीवरून हाकललेल्याला 'उत्तर द्या' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक, दर वेळी विचारलं जाणारं : ग्रुपच्या अ‍ॅडमिनलाही आरोपी करायचं का? नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय, की सदस्याने टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिन आपोआप जबाबदार होत नाही.

वारकरी गृहस्थ तासभर बसले, चहा घेतला, कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आठवड्याने फोन आला. ठाण्यात गेले नव्हते. "उत्तर लिहिलंय, माउली. टाकण्याआधी नजर घाला." सव्वा पान होतं, आणि चांगलं होतं. संतांनी स्वतः निंदकांशी काय केलं ते त्यांनी आपल्या साध्या भाषेत मांडलं होतं. मी फक्त शेवटची दोन वाक्यं काढायला लावली. समोरच्याच्या वडिलांच्या सावकारीबद्दल होती ती, आणि त्यांच्यावर उलट आपल्यालाच 356 लागलं असतं.